औषधं आणि हृदय : सोलापूरकरांनी मला वारंवार विचारलेले प्रश्न

दर संक्रांतीला मी गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, सोलापूरला येते. होम मैदानावरच्या गर्दीत ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पीएच.डी. झाली म्हणं, आता काय करायलीस?" औषधांमुळं हृदयाला होणाऱ्या इजेवर संशोधन करते, एवढं म्हणेपर्यंत पाळण्याचा भोंगा वाजतो आणि बोलणं तिथंच राहतं. मग रात्री व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो येतात, सोबत पाच प्रश्न. तेच प्रश्न आणि त्यांची सवडीनं दिलेली उत्तरं इथं लिहून ठेवते आहे. क्रम मुद्दाम लावलेला नाही.

तू डॉक्टर आहेस की नाही?

नावामागं लागतं, पण मी रुग्ण तपासत नाही आणि औषध लिहून देत नाही. "डॉ. कोटणीसांच्या गावची पोरगी आणि साधी गोळी लिहून देईना," असं आमच्या आत्यानं चारचौघांत म्हणून झालेलं आहे. कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते जखमींवर उपचार करायला. मी बसते पेशींसमोर. दोन्हींत फरक आहे, आणि तो आत्याला अजून पटलेला नाही.

मग नेमकं काम काय?

एखादं औषध भलत्याच आजारासाठी दिलेलं असतं. कॅन्सर, टीबी, ॲलर्जी, उलटी, काहीही. ते रक्तातून सगळीकडं फिरतं, तसं हृदयातही जातं. तिथं ते काय करतं, किती प्रमाणात करतं, कुणाच्या बाबतीत करतं आणि ते आधी ओळखता येईल का, हे शोधायचं.

इजा ढोबळमानानं तीन जागी होते. एक, हृदयाच्या स्नायूला: पंपाचा जोर कमी होतो. दोन, ठोक्याच्या विजेला: लय बिघडते. तीन, हृदयाला रक्त देणाऱ्या वाहिन्यांना. फाइव्ह-एफयू नावाच्या कॅन्सरच्या औषधानं काही जणांच्या या वाहिन्या आवळतात आणि हार्ट अटॅकसारखंच दुखतं. माझं बहुतेक काम पहिल्या दोन प्रकारांत आहे.

कॅन्सरच्या औषधानं हार्ट का जातं? दोन्हींचा संबंध काय?

इथं जरा थांबून सांगते, कारण माझी उमेदीची वर्षं याच एका औषधात गेली.

डॉक्सोरुबिसिन. वॉर्डात याला "लाल सलाईन" म्हणतात, कारण ते खरंच लालभडक असतं आणि दिल्यावर दिवसभर लघवीही लालसर होते. याचं घराणं सापडलं ते मातीत. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून १९६० च्या दशकात आधी याचं भावंड मिळालं आणि पुढं हे. जवळच्या ॲड्रियाटिक समुद्रावरून याचं एक नाव ॲड्रियामायसिन पडलं. स्तनाचा कॅन्सर, रक्ताचे काही कॅन्सर, लहान मुलांचे कॅन्सर, सगळीकडं हे कामाचं ठरलं आणि आजही आहे.

डीएनएचा पीळ सोडवणारं एक विकर (एन्झाइम) पेशीत असतं, टोपोआयसोमरेज २. डॉक्सोरुबिसिन त्यालाच डीएनएवर अडकवून ठेवतं. पीळ सोडवायला घातलेला काप मग सांधलाच जात नाही आणि पेशी मरते. या विकराचे दोन प्रकार आहेत. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशीत अल्फा भरपूर असतो. हृदयाच्या पेशीत असतो तो बीटा. औषधाला दोघांतला फरक कळत नाही. पूर्वी सगळा दोष लोह आणि त्यातून तयार होणाऱ्या घातक रेणूंवर टाकला जायचा. २०१२ साली उंदरांवरच्या कामातून दिसलं की हृदयाच्या पेशीतला बीटा प्रकार काढून टाकला तर हृदय बऱ्यापैकी वाचतं. तेव्हापासून या विषयातल्या वादाचा सूरच बदलला.

आता हृदयच का? कारण हृदयाची पेशी गेली की जवळजवळ गेलीच. कातडी, आतडं, रक्त यांच्या पेशी सतत नव्या होतात. हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का बदलतात आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. शिवाय उरलेल्या पेशी मुकाट्यानं जादा काम ओढतात, त्यामुळं नुकसान झालेलं लगेच कळत नाही. कधी वर्षानं कळतं, कधी दहा वर्षांनी. लहानपणी हे औषध घेऊन बऱ्या झालेल्या मुलांना तर मोठेपणीही तपासत राहावं लागतं.

म्हणजे लाल सलाईन घेऊ नये का?

घ्यावं. सांगितलं असेल तर नक्की घ्यावं. फक्त हिशेब ठेवावा.

या औषधाची इजा साठत जाते. प्रत्येक डोस आधीच्या डोसात मिळवायचा, आणि ही बेरीज आयुष्यभर पुसली जात नाही. डोस शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात, म्हणजे दर चौरस मीटरला इतके मिलिग्रॅम. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात एकूण डोस ४०० झाल्यावर सुमारे ५ टक्के रुग्णांचं हृदय कमजोर झालेलं दिसलं, ५५० ला २६ टक्के आणि ७०० ला ४८ टक्के. आलेख सरळ चढत नाही, एका टप्प्यानंतर उभाच राहतो. म्हणून डॉक्टर साधारण ४५० ते ५५० च्या आत थांबायला बघतात. वय जास्त असेल, आधीच बीपी असेल किंवा छातीला रेडिएशन झालं असेल, तर त्याही अलीकडं.

स्तनाच्या कॅन्सरला नेहमी देतात ते ६० चे चार डोस, म्हणजे एकूण २४०. सीमेपासून बरंच लांब. पण समजा आठ वर्षांनी आजार उलटला, दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलात आणि पहिल्या वेळचा कागदच नाही. त्यांनी भरवशावर आणखी ३०० दिले की बेरीज ५४० होते, आणि ती कुणाच्याच लक्षात येत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी त्यांचे सगळे कागद चादरीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवले होते. बिलं, डिस्चार्ज कार्डं, लग्नपत्रिका, सगळं एकत्र. त्यात चारही डोसांच्या चिठ्ठ्या निघाल्या. या विषयातल्या कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा ती पिशवी मला मोलाची वाटते, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही.

इजा होतेय हे आधी कळतं का?

काही अंशी. उपचाराआधी एक टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मध्ये एक, नंतर एक. त्यात ईएफ म्हणून आकडा येतो, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं. निरोगी माणसाचा साधारण ५५ ते ७० असतो. शंभर नसतो! "फक्त साठच टक्के हार्ट चालतंय" म्हणून रडणाऱ्या किमान तीन माणसांना मी फोनवर समजावलेलं आहे. आकडा आधीपेक्षा दहानं घसरला आणि पन्नासच्या खाली आला तर मात्र काळजी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन हे प्रथिन त्याआधी इशारा देऊ शकतं. डेक्सराझोक्सेन नावाचं संरक्षक औषधही आहे, निवडक रुग्णांना देतात.

आणि ती विजेची भानगड काय? ईसीजीत "क्यूटी वाढलाय" म्हणाले.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर होते, म्हणून मला हे मागावरूनच कळतं. धोटा इकडून तिकडं जातो तो ताण्याचे दोरे वर-खाली उघडलेले असताना. एक फेरी झाली की दोरे जागा बदलतात, पुन्हा उघडतात, मग पुढची फेरी. दोरे नीट उघडायच्या आत धोटा सुटला तर तो मध्येच अडकतो आणि शेकड्यानं दोरे तुटतात. मग दिवसभर गाठी मारत बसायचं.

हृदयाचंही प्रत्येक ठोक्यानंतर तसंच असतं. विजेची स्थिती मूळ जागी आल्याशिवाय पुढचा ठोका सुटायला नको. ईसीजीवर क्यूटी हे अंतर साधारण तोच वेळ दाखवतं. ते फार लांबलं आणि मध्येच एखादा आगाऊ ठोका आला, तर लय अशी पिळवटते की ईसीजीची रेघ दोरीला पीळ दिल्यासारखी दिसते. फ्रेंच डॉक्टर देसर्तेन यांनी १९६६ मध्ये तिचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं तोर्साद द प्वाँत. माणूस चक्कर येऊन पडतो. लय आपोआप सुधारली तर उठतो, नाही तर नाही.

मूळ जागी यायला पेशीतून पोटॅशियम बाहेर जावं लागतं. त्याचं एक महत्त्वाचं दार म्हणजे हर्ग. हे नाव एका माशीवरून आलंय. १९६० च्या दशकात फळमाश्यांवर काम करणाऱ्यांना एक अशी जात मिळाली की ईथर हुंगवलं की तिचे पाय थरथरायचे. त्या काळच्या गो-गो नाचावरून तिला "ईथर-अ-गो-गो" म्हटलं, आणि माणसातल्या तशाच जनुकाला तेच नाव चिकटलं. सोलापुरात सापडली असती तर हलगीवरून नाव पडलं असतं.

हे दार असं आहे की वाटेल त्या आकाराची औषधं त्यात जाऊन अडकतात. टर्फेनाडीन ही ॲलर्जीची गोळी, झोप न आणणारी म्हणून खूप खपलेली. यकृतात तिचं लगेच दुसऱ्या निरुपद्रवी रेणूत रूपांतर व्हायचं, म्हणून बहुतेकांना काही झालं नाही. पण सोबत किटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन असेल तर ते रूपांतर अडायचं, मूळ गोळी रक्तात साठायची आणि हर्ग बंद. १९९८ साली अमेरिकेत ती बाजारातून गेली. तिचाच तो निरुपद्रवी रेणू आज फेक्सोफेनाडीन म्हणून मिळतो. पाठोपाठ २००० मध्ये तिथं सिसाप्राइड हे पोटाचं औषधही गेलं. भारतात त्यावर बंदी आली २०११ ला.

२००५ पासून नव्या औषधाला हर्गची परीक्षा द्यावीच लागते. ती वाईट आहे असं नाही, पण एकांगी आहे. व्हेरापॅमिल हे हर्ग चांगलंच अडवतं आणि तरी लय बिघडवत नाही, कारण ते कॅल्शियमचं दारही अडवतं आणि हिशेब सारखा होतो. एकट्या हर्गवरून निकाल दिला असता तर इतकं जुनं कामाचं औषध नापास झालं असतं. असं किती चांगल्या रेणूंच्या बाबतीत झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. २०१३ पासून बऱ्याच दारांचा एकत्र हिशेब करायची पद्धत उभी राहते आहे, आणि मी त्या बाजूची आहे.

मेडिकलवरून अझिथ्रोमायसिन आणतो की ओ आम्ही. काही होतं का?

बहुतेकांना काही होत नाही. धोका वाढतो तो गोष्टी एकत्र आल्यावर. अझिथ्रोमायसिन, उलटीची डोमपेरिडॉन, बुरशीची फ्लुकोनॅझोल, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, या प्रत्येकात क्यूटी लांबवायचा थोडा गुण आहे. त्यात मे महिना, त्रेचाळीस डिग्री, जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू. ही लय बिघडायचा धोका बायकांना पुरुषांपेक्षा जास्त असतो, हेही ध्यानात ठेवा. एका वेळी तीन पाकिटांतून सुट्या गोळ्या आणताना आधीच्या चालू गोळ्यांची नावं दुकानदाराला सांगायचा आळस करू नका. आणि अशा गोळ्या चालू असताना चक्कर येऊन शुद्ध हरपली तर लिंबू-सरबत पाजून झोपवू नका, ईसीजी काढा.

डाळिंब खाल्लं तर औषधाला बाधतं का?

हा प्रश्न फक्त सोलापूर जिल्ह्यातच विचारला जातो, याची मला खात्री आहे. ग्रेपफ्रूटचा रस बाधतो, ते सिद्ध झालंय. पपनसाच्याच कुळातलं फळ आहे ते. आतड्यातलं औषध मोडणारं विकर तो रस बंद पाडतो. डाळिंबाच्या रसाचा तसा परिणाम परीक्षानळीत दिसला, पण माणसांवर तपासल्यावर दिसला नाही. खा.

झाडपाल्याला तर साइड इफेक्ट नसतात ना?

बांधावरची कण्हेर बघा. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिच्या बियांनी लहानपणी आपण सगळे खेळलोय. त्या बिया खाऊन हृदय बंद पडतं. त्यात असलेली द्रव्यं डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्याच जातीची आहेत. इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या झाडाबद्दल लिहिलं तेव्हाही गोष्ट हीच होती: मात्रा बरोबर असली तर उपकार, थोडी पुढं गेली तर विष. बचनाग हृदयातली सोडियमची दारं उघडीच ठेवतो. आयुर्वेदात तो शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत ते याच भीतीपोटी. आपल्या वैद्यांना हे पक्कं ठाऊक होतं. "नैसर्गिक आहे, कितीही घ्या" हे वैद्यांचं वाक्य नाही, जाहिरातवाल्यांचं आहे.

इतका धोका असेल तर ही औषधं देतात कशाला?

औषध न देण्यातही धोका असतो, आणि तो अनेकदा मोठा असतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन २०१६ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात आलं. ते क्यूटी लांबवतं, हे देणाऱ्यांना माहीत असतं. म्हणून अधूनमधून ईसीजी काढतात. तो ईसीजी चुकवू नका, एवढंच.

ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या काही कॅन्सरवरच्या औषधाचंही तसंच. डॉक्सोरुबिसिनच्या जातीच्या औषधांबरोबर एकत्र दिलं तेव्हा २००१ च्या अहवालात २७ टक्के रुग्णांत हृदयाचं काम बिघडलं, ट्रास्टुझुमॅब नसताना ८ टक्के. मग दोन्ही एकापाठोपाठ द्यायला लागले आणि प्रमाण खूप उतरलं. शिवाय ट्रास्टुझुमॅबची इजा बरेचदा भरून निघते. औषध टाकून न देता फक्त वेळापत्रक बदललं. अशा वेळी या कामाचा अर्थ मला सगळ्यात स्पष्ट दिसतो.

उंदीर मारता का तुम्ही?

हो, मारावे लागतात. समितीची परवानगी घेऊन, किती आणि का हे आधी लिहून देऊन. सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही.

आणि उंदीर नेहमी उपयोगी पडतो असंही नाही. माझा पहिला प्रस्ताव होता हर्ग अडवणाऱ्या औषधानं उंदराचा क्यूटी किती लांबतो ते मोजायचा. गाइडनी तो पानभर लाल शाईनं खोडला. उंदराचं हृदय मिनिटाला शेकडो वेळा धडकतं आणि मूळ जागी यायला हर्गवर फारसं अवलंबूनच नसतं. तिथं गिनीपिग किंवा ससा लागतो. चार महिने वाचन केलं होतं आणि ही एक ओळ सुटली होती.

आता पर्याय वाढलेत. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६-०७ मध्ये दाखवलेल्या वाटेनं माणसाच्या कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशी मागं नेऊन त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी करता येतात. त्या ताटलीत खरोखर धडधडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ती म्हणाली, "कुणाचं आहे ते?" भारतानंही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून अशा पद्धतींना जागा दिली.

दिवसभर काय करतेस?

पेशींना खायला घालते. सुट्टी नाही, दिवाळीलाही. मग मोजमाप, आकडेवारी, आणि लिहिणं. लिहिण्यातच निम्मा वेळ जातो.

मुलीला या क्षेत्रात यायचंय. बारावीनंतर काय?

तीन वाटा. बी.फार्म., मग फार्मकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, एम.फार्म.; किंवा बी.एस्सी., मग बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी असं काहीतरी एम.एस्सी.; किंवा एमबीबीएस करून फार्मकॉलॉजीत एम.डी. पहिल्या दोन वाटांना पुढं पीएच.डी. आली, म्हणजे पाच-सहा वर्षं. परीक्षा दोन: जीपॅट एम.फार्म.साठी, सीएसआयआर-नेट फेलोशिपसाठी. आकडेवारी आणि थोडं प्रोग्रॅमिंग आत्ताच शिकायला लावा. मी उशिरा शिकले आणि रडत शिकले.

पगार किती?

जेआरएफला, म्हणजे पीएच.डी. करतानाच्या फेलोशिपला, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. वेळेवर येईलच असं नाही, घरी तेवढी तयारी ठेवा. पुढं कंपनीत औषध सुरक्षितता विभागात गेलात तर बरं मिळतं. तुमच्या वर्गातला इंजिनिअर झालेला मुलगा तोवर फ्लॅट घेऊन बसलेला असेल.

सोलापुरात राहून करता येईल का?

शिक्षण बरंचसं होईल. फार्मसी कॉलेजं आहेत, २००४ पासून विद्यापीठ आहे, वैशंपायन स्मारक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र विभाग आहे. ताटलीतल्या हृदयाच्या पेशी आणि महागडी यंत्रं यांच्यासाठी मात्र हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुणं, पुढं मुंबई, नाही तर उलट दिशेला हैदराबाद.

पण एक गोष्ट आपल्याकडं आहे ती पुण्यात नाही. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, देशातली पहिली. खेड्यात कुणाला कोणता कॅन्सर झाला, याचा इतका जुना कागद फार कमी ठिकाणी आहे. त्या कागदाला जोडून, उपचार संपल्यावर दहा वर्षांनी या लोकांची हृदयं कशी आहेत, हे कुणीतरी नीट बघायला हवं. मला जमलं तर मी बघेन.

औषधानं त्रास झाला तर सांगायचं कुणाला?

आधी डॉक्टरांना. आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, त्याचा टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. रुग्णानं स्वतः फोन केला तरी चालतो.

आईची कॅन्सरची फाईल सापडेना. आता काय?

एखादी जुनी पावती तरी शोधा. तिच्यावर नोंदणी क्रमांक असतो, त्यावरून दवाखान्यात जुनं रेकॉर्ड मागता येतं. तेही नसेल तर आईलाच विचारा: सलाईन लाल होतं का, किती वेळा दिलं, साधारण कोणत्या साली. आया हे विसरत नाहीत, "गौरीच्या आदल्या दिवशी शेवटचं होतं" असं सांगतात. ते तसंच्या तसं कागदावर लिहा, तारीख घाला आणि पुढच्या डॉक्टरांसमोर पहिल्यांदा तोच कागद ठेवा. एको अलीकडं काढला नसेल तर काढायचा का, तेही त्यांनाच विचारा. आणि त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या.